झाबुआहून कडकनाथ आणताना

बुधवार : साक्री ते कुक्षी

कडकनाथ म्हणजे तुऱ्यापासून पायापर्यंत काळी असणारी कोंबडी. तिची पिल्लं आपल्याकडे मिळत नाहीत असं नाही. धुळ्यात मिळतात, नाशकात मिळतात, फोनवर पैसे टाकले की खोकं घरपोचसुद्धा येतं. मग एवढी गाडी पिदडत मध्य प्रदेशात कशाला जायचं, हा प्रश्न घरात प्रत्येकाने विचारला. उत्तर शेजारच्या शिवारात होतं. तिथे एकाने ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणून शंभर पिल्लं आणली. सहा महिन्यांत निम्म्यांचे तुरे लालभडक झाले, पाय पिवळट निघाले आणि गिऱ्हाईक गावठीचा भाव देऊन मोकळं झालं. त्यात 2019 मध्ये इस्लामपूरकडे उघडकीला आलेला कडकनाथ घोटाळा. पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच चढ्या भावाने घेतो, असं सांगून सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून आमच्याकडे कडकनाथचं नाव काढलं की लोक आधी हसतात.

म्हणून ठरवलं, पिल्लू घ्यायचं तर त्याचे आईबाप डोळ्यांनी बघून घ्यायचं. दाजींची पिकअप होतीच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पन्नाशी पार केलेले, कोंबड्यांपेक्षा म्हशींत जास्त रमणारे. सोबत भाचा, म्हणजे त्यांचाच मुलगा. तो मोबाइलवर रस्ता बघणार आणि आम्ही त्याचं न ऐकता लोकांना विचारत जाणार, अशी वाटणी न बोलताच झाली.

फेब्रुवारी संपत आला होता. धुळं, शिरपूर आणि पळासनेरची हद्द ओलांडून बिजासन घाट चढलो. घाटात ट्रकांची रांग होती, पण ती नेहमीचीच. दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, पान एक नाही आणि झाडभर केशरी. सेंधव्यात पोहे-जिलबी खाल्ली. दाजींनी दुसरी प्लेट मागवली आणि ‘आपल्या पोह्यांना शेंगदाणे जास्त, यांच्या पोह्यांना बडीशेप’ असा निकाल देऊन टाकला. पुढे जुलवानिया, राजपूर, अंजड असं करत बडवानीला दुपार झाली.

बडवानीच्या पुढे नर्मदा लागते. सरदार सरोवराचं पाणी इथवर येऊन थांबलंय, त्यामुळे पात्र नदीचं वाटतच नाही. इथल्या राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई या तिघांच्या अस्थी ठेवलेलं स्मारक होतं. पाणी चढू लागलं तसं 2017 मध्ये ते तिथून उचलून वर नेलं. चहाच्या टपरीवरचा म्हातारा पाण्याकडे हात करून आपलं जुनं घर कुठे होतं ते दाखवत होता. तिथे मला पाण्याशिवाय काही दिसलं नाही. चहाचे पैसे मात्र त्याने दाजींकडून घेतले नाहीत. ‘परकम्मा वाले?’ म्हणजे नर्मदा परिक्रमेचे का, असं त्याने विचारलं. ‘नही, मुर्गी वाले,’ दाजी म्हणाले. तेव्हा तो इतका हसला की आजूबाजूची माणसं जमली.

मुक्काम कुक्षीला. लॉज साधा होता, गरम पाणी मिळालं, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. कोणाकडे जादा दिवस असेल तर इथून जवळ बाघ आहे. तिथल्या लेण्या आणि खत्री लोकांची बाघ छपाई दोन्ही बघण्यासारखं आहे. आम्ही गेलो नाही, दुसऱ्या दिवशी जोबटचा बाजार गाठायचा होता.

गुरुवार : जोबटचा हाट आणि फलियातलं जेवण

जोबटचा बाजार गुरुवारी. होळीच्या आधीच्या आठवड्यात याच बाजारांचा भगोरिया, म्हणजे आदिवासींची जत्रा होते आणि मग पाय ठेवायला जागा उरत नाही. आम्ही त्याच्या जरा आधी गेलो ते बरंच झालं. भगोरियाच्या दिवसांत कोंबड्यांचे भाव आभाळाला टेकतात, असं सगळ्यांनीच सांगितलं.

बाजारात कोंबड्यांचा कोपरा शोधावा लागत नाही, आवाजावर चालत जायचं. बायका बांबूच्या टोपल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या, पुरुष कोंबडा काखेत मारून उभे. पायाला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक चपलेखाली. काळी कोंबडी इथे फार कमी होती. दहा-बारा असतील, बाकी सगळा गावठी माल. इथले लोक तिला कडकनाथपेक्षा कालामासी म्हणतात. एका पोराने माझ्या तोंडासमोर कोंबडा धरला आणि अंगठ्याने त्याची चोच उघडली. ‘जीभ देखो, जीभ.’ जीभ काळपट होती, तुरा जांभळट काळा, पायाची नखंसुद्धा काळी. पिसांवर ऊन पडलं की हिरवी झाक मारत होती. पोराने बाराशे सांगितले. शेजारचा व्यापारी आठशेला मागत होता.

आम्ही घेतला नाही. हे नीट सांगून ठेवतो, कारण लांबून गेलेल्या माणसाला हात आवरत नाही. बाजारातला पक्षी खायला घ्यायचा, वाढवायला नाही. तिथे चार गावांचे पक्षी एका जागी चोच मारतात, एका भांड्यातलं पाणी पितात. मानमोडी, म्हणजे डॉक्टर जिला राणीखेत म्हणतात ती, अशाच बाजारातून घरी येते आणि चार-सहा दिवस काही दाखवतच नाही. बाजारात जायचं ते बघायला, भाव कळायला आणि हा पक्षी कुठल्या गावचा हे विचारायला.

तेच विचारत बसलो. धडगावकडचा माझा एक पावरा आदिवासी मित्र आहे. पावरा, बारेला, भिलाला ही माणसं सातपुड्याच्या दोन्ही अंगांना नात्यागोत्याने बांधलेली. राज्याची हद्द त्यांच्या सोयरिकीत कधी आडवी आली नाही. मित्राचा मावसभाऊ जोबटपासून थोड्या अंतरावर राहतो. तो बाजारातच भेटला आणि मोटारसायकलवर पुढे निघाला.

त्यांचं गाव म्हणजे एकगठ्ठा वस्ती नाही. एक घर या टेकाडावर, दुसरं त्या टेकाडावर, मध्ये शेतं. अशा चार-सहा घरांचा एक फलिया. घराला बांबूच्या भिंती, वर शेणामातीचा गिलावा, कौलांवर दुधीचा वाळका वेल. कोंबड्या अंगणभर मोकळ्या फिरत होत्या. रात्री त्या घरातच असतात, एका कोपऱ्यात डालग्याखाली. रानमांजर येतं म्हणून.

तिथे एक गंमत बघितली. एका मातीच्या कुंड्यात, भुश्यावर, तपकिरी गावठी कोंबडी बसलेली आणि तिच्या पोटाखालून डोकावणारी पिल्लं मात्र काळी. कडकनाथची मादी अंड्यांवर नेटाने बसत नाही. दोन दिवस बसते, तिसऱ्या दिवशी उठून चरायला जाते. म्हणून तिची अंडी काढून खुडूक झालेल्या गावठीखाली घालायची. अंडी काळी असतात ही आपल्याकडची समजूतही तिथेच निकालात निघाली. भाच्याने कुंड्यातलं एक उचलून बघितलं. फिक्कट मळकट पांढरं, आपल्या गावठीच्या अंड्याहून जरा लहानच. ‘मग यूट्यूबवर काळी कशी दाखवतात?’ त्याने मला विचारलं. मी म्हटलं, यूट्यूबलाच विचार.

घरातल्या आजींचा एक कोंबडा होता. असा कोंबडा मी त्याआधी बघितला नव्हता. छाती भरलेली, पाय लांब, मान ताठ, आणि अंगणात दुसरा कुठलाही नर त्याच्या वाटेला येत नव्हता. आमच्या खुराड्यासाठी बाप हवा तो हाच, असं मला उभ्या उभ्याच वाटलं. भाव विचारला. आजी काही बोलल्या नाहीत. मावसभाऊ म्हणाला, ‘ये नी बेचेंगे. मानता का है.’ नातवाच्या दुखण्यात नवस बोललेला, देवाला द्यायचा. दाजींनी पंधराशे म्हटलं, मग दोन हजार. मला कसंतरीच झालं, मी त्यांचा हात दाबला. आजींनी त्या दोन हजारांवर तोंड फिरवलं नाही की रागही धरला नाही. त्यांनी कोंबडा उचलून मांडीवर घेतला, त्याचे पंख पसरून आम्हाला दाखवले, तुरा दाखवला, पायामागची आर दाखवली आणि परत सोडून दिला. बघा, पण मिळणार नाही. दाजी पुटपुटले, ‘हाऊ ते देवना शे भो, जाऊ दे.’

मग त्यांनी त्याच कोंबड्याच्या वंशाचे दोन तरणे कोंबडे दाखवले, सात-आठ महिन्यांचे. एकाची पिसं निखळ काळी, दुसऱ्याच्या मानेवर पांढुरक्या रेघा. कडकनाथमध्ये तीन रंग धरतात. पूर्ण काळा, अशा रेघांचा पेन्सिल्ड आणि सोनेरी. तिन्ही अस्सलच. रेघा दिसल्या की भेसळ, असं समजायचं कारण नाही. दोघांचे मिळून अठराशे ठरले आणि शनिवारी परतताना घेऊन जाऊ असं बोलणं झालं.

जेवायला दाल-पानिया होतं. मक्याचं पीठ घट्ट मळून चपटा गोळा करायचा, वरखाली पळसाची पानं लावायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवून द्यायचा. पान जळून काळं होतं, आत पानिया खरपूस. वर तूप, सोबत उडदाची डाळ आणि लसणाची लाल चटणी. पानांच्या शिरांची नक्षी पानियावर उमटते, ती बोटाला लागते. मी तीन खाल्ले. सोबत ताडी आली. सकाळची गोड असते म्हणतात, आम्हाला मिळाली ती दुपारची, आंबटसर, नाकाला झोंबणारी. दाजींनी गाडी चालवायची आहे म्हणून नाही म्हटलं. मला चालवायची नव्हती.

जाणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. रोख रक्कम जवळ ठेवा आणि सुट्टी ठेवा, फलियात पाचशेची नोट मोडत नाही. ओळखीचं माणूस सोबत असल्याशिवाय कुणाच्या अंगणात जाऊन कोंबड्यांचे फोटो काढू नका. आणि एका गावातल्या घासाघिशीचा भाव दुसऱ्या गावात सांगू नका. तो आपल्याआधी पोचलेला असतो.

शुक्रवार : झाबुआ

सकाळी राणापूरमार्गे झाबुआ. रात्रीत हवा फिरली होती. आभाळ भरलेलं, गार वारा आणि दहाच्या सुमाराला चक्क पाऊस. आपल्याकडच्यासारखंच तिकडेही लोक गव्हाकडे बघून हळहळत होते. मला गव्हापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या पिल्लांची काळजी. दिवसाच्या पिल्लाला गारठा हाच मोठा शत्रू.

झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात कडकनाथची उबवणी चालते. महेंद्रसिंह धोनीने रांचीच्या शेतासाठी दोन हजार पिल्लं मागवली ती बातमी झाबुआचीच. कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही झाबुआच्या नावावर. छत्तीसगडातल्या दंतेवाड्यानेही दावा ठोकला होता, तो मागे पडला. केंद्रात पिल्लांसाठी आधी नाव नोंदवावं लागतं, हे आम्ही घरूनच विचारून ठेवलं होतं. आमचा नंबर लागायला वेळ होता. तरी तिथे जाऊन यावं. पत्रकं मिळतात, शेड बाहेरून बघायला मिळते, आणि मुख्य म्हणजे आसपास कोण नीट काम करतंय याचा अंदाज येतो.

आम्ही ज्याच्याकडून पिल्लं घेतली तो मेघनगर रस्त्यावरचा एक भिलाला तरुण, पस्तिशीतला. त्याचं नाव गाव इथे देत नाही, त्याच्याकडे माल थोडा आणि फोन फार. गेल्या गेल्या त्याने आम्हाला फाटकातच अडवलं. ‘कल कहाँ थे?’ जोबटच्या बाजारात म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि शेडमध्ये येऊच दिलं नाही. कपडे बदलून या. गाडीतून दुसरे कपडे काढले, शेडमागे बदलले, त्याने दिलेल्या रबरी चपला घातल्या, लाल औषधाच्या पाण्यात पाय बुडवले, तेव्हा कुठे आत. दाजींना हे सोवळं वाटलं. मला मात्र तिथेच खात्री पटली की पिल्लं इथूनच घ्यायची. 2021 च्या सुरुवातीला बर्ड फ्लू झाबुआतल्या कडकनाथपर्यंत पोचला होता. तो काळ बघितलेला माणूस अनोळखी पाहुण्याला सरळ शेडमध्ये नेणार नाही, आणि नेत असेल तर त्याच्याकडून घेऊ नये.

त्याची पैदाशीची कोंबडी दोनशेच्या आत. एका कप्प्यात एक नर, आठ-नऊ माद्या. प्रत्येक कप्प्याला नंबर, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने कप्प्याचा नंबर आणि तारीख. पाठकोऱ्या वहीत सगळं लिहिलेलं. कुठल्या कप्प्याची किती अंडी बसवली, किती फळली, किती पिल्लं निघाली. मी विचारलं, एवढं कशाला लिहायचं? तो म्हणाला, बापाकडे मुलगी परत जाऊ नये म्हणून. नात्यात नातं लागत गेलं की तिसऱ्या-चौथ्या पिढीला अंडी घटतात, पिल्लं कमजोर निघतात. म्हणूनच नर एकीकडचे आणि माद्या दुसरीकडच्या घ्या, असं त्याने आपणहून सांगितलं. आम्ही आदल्या दिवशी फलियातले कोंबडे ठरवलेत हे ऐकून तो खूश झाला. माझा माल कमी खपतो, पण तुमचं खुराडं टिकेल, म्हणाला.

आणि मग मला जे कळून घ्यायचं होतं ते त्याने जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावलं. काळेपणा म्हणजे शुद्धता नव्हे. कडकनाथ नर साध्या गावठी मादीवर सोडला की पोटी येणाऱ्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, बहुतेक काळ्याच निघतात, कोंबडे जरा फिके. कातडीचा काळा रंग असा आहे की तो एका पिढीत मागे हटत नाही, आणि बापाकडून मुलीकडे जास्त ठळक उतरतो. त्यामुळे काळीशार तलंग हातात देऊन ‘शुद्ध’ म्हणायला कुणालाही काही लागत नाही. फूट पडते ती तिच्या पुढच्या पिढीत. कुणी लाल तुऱ्याचं, कुणी पिवळ्या पायाचं. आमच्या शेजाऱ्याच्या शिवारात नेमकं काय झालं असेल ते मला झाबुआच्या त्या ओल्या मातीवर कळलं. एक पिल्लू, एक जीभ, एक काळा पाय बघून काही ठरत नाही. सगळा कळप बघायचा. पंचवीस-तीस पक्ष्यांत एकाचाही तुरा लाल नको, एकाचीही कातडी पंखाखाली पांढरी नको. पंख उचलून बघायला मालकाने आढेवेढे घेतले तर नमस्कार करून निघायचं.

भावाचं गणितही त्याच वहीत होतं. कडकनाथची अंडी कमी फळतात. बरेलीच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे शंभरातली पंचावन्नच फळतात, आणि फळलेल्यांतूनही जेमतेम निम्मी पिल्लं बाहेर येतात. मादी अंड्यावर येते सहा महिन्यांनी, वर्षाला अंडी शंभरेक. वीस आठवड्यांचा पक्षी किलोलाही पोचत नाही. त्यामुळे कुणी स्वस्तात पाचशे-हजार पिल्लं उद्या सकाळी देतो म्हणाला, तर ती कुठून आणणार हे त्यालाच विचारावं. आम्हाला त्याने दिवसाच्या पिल्लाला नव्वद सांगितले, पंच्याऐंशीला तुटलं. दोनशे पिल्लांचा विसार आधीच दिलेला होता.

नर-मादी वेगळं करून देतो का, असं भाच्याने विचारलं. नाही. दिवसाचं पिल्लू बघून नक्की सांगणं त्याला जमत नाही आणि जमतं असं तो म्हणतही नाही. निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच हिशेब करायचा.

संध्याकाळी बाजारपेठेत शेव घेतली, घरच्यांसाठी झाबुआच्या कापडी बाहुल्यांची एक जोडी घेतली. भिल्ल नवरा-बायको, त्याच्या हातात तीरकामठी, तिच्या डोक्यावर टोपली. पाऊस थांबला होता, पण लॉजवर रात्री दोन घोंगड्या लागल्या.

शनिवार : खोकी

पिल्लं पहाटे निघणार होती. आठला पोचलो तर यंत्रात अजून कोरडी होत होती. अठरा दिवस एका यंत्रात, शेवटचे तीन दिवस दुसऱ्यात, असे एकवीस दिवस. पण थंडी पडली की सगळं चार-सहा तास मागे जातं, म्हणाला. अकराला मोजणी झाली. दोनशे ठरली होती, निघाली एकशे अडुसष्ट. त्यातली सहा त्याने स्वतःच बाजूला काढली, दोघांची बेंबी ओली, एकाचे पाय फाकलेले, बाकीची सुस्त. कमी पडलेल्या पिल्लांच्या विसाराचे पैसे न मागता परत केले. आकडा भरण्यासाठी दुसरीकडून आणून मिसळली नाहीत, हे मला पैशांपेक्षा मोठं वाटलं.

पिल्लं पारखायची रीत तिथेच शिकलो. पिल्लू तळहातावर पाठीवर टाकायचं. चांगलं असेल तर लगेच उलटून उभं राहतं. चार-पाच सेकंद पाय झाडत पडून राहिलं तर बाजूला. बेंबी कोरडी आणि मिटलेली, मागची बाजू स्वच्छ, पाय चकाकणारे, डोळे उघडे आणि गोल. कडकनाथचं पिल्लू आधीच लहान, तीस ग्रॅमच्या आसपास. काळसर निळं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. सगळ्यांना मानेच्या कातडीखाली मॅरेक्स रोगाची लस आमच्यासमोर दिली. ही लस पहिल्या दिवशीच द्यायची असते, घरी आणल्यावर आपण देऊ असं नसतं. तेव्हा ती दिली का, हे घेतानाच विचारा आणि बघा.

पुठ्ठ्याच्या खोक्यात चार कप्पे, एका कप्प्यात पंचवीस. दोन खोकी लागली, दुसरं थोडं सैल. पशुवैद्यकाचा दाखला त्याने आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. खोकी मागे हौद्यात नाही, पुढे केबिनमध्ये, भाच्याच्या मांडीवर आणि सीटवर. काचा बोटभर उघड्या. खोक्यावर खोकं ठेवायचं तर मध्ये काठ्या घालाव्या, नाहीतर खालच्या पिल्लांचा जीव गुदमरतो. पाणी-खाणं वाटेत काही नको. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस आरामात काढतं. वाटेत नुसता आवाज ऐकायचा. बारीक, एकसारखी चिवचिव म्हणजे ठीक. सगळी मिळून मोठ्याने ओरडायला लागली की थंडी वाजते आहे किंवा घुसमटतात. गप्प झाली तर ताबडतोब गाडी थांबवा.

जोबटला दोन्ही कोंबडे घेतले. ते मागे हौद्यात, दोन वेगळ्या डालग्यांत, वर गोणपाट. मोठा पक्षी आणि दिवसाची पिल्लं एका हवेत ठेवायची नाहीत, हे त्या तरुणाने बजावून सांगितलं होतं. कोंबड्यांना हात मी लावला, पिल्लांना फक्त भाचा. आजींनी निघताना कोंबड्यांच्या पायाला काळा दोरा बांधला आणि मला काहीतरी सांगितलं. मावसभावाने अर्थ सांगितला. कापू नका, वाढवा. मानतावाला अंगणातच होता. देवाचा दिवस अजून यायचा होता.

बडवानीनंतर अंधार पडला. सेंधव्याच्या पुढे नाक्यावर एका शिपायाने गाडी थांबवली. दाखला दाखवला, तो त्याने वाचलाच नाही. ‘असली कडकनाथ है?’ म्हणाला आणि खोक्याचं झाकण उचलून बॅटरी मारली. पिल्लांनी एकच गलका केला. मग हौद्यातल्या कोंबड्याची जीभ बघायची होती. दाजी खाली उतरले, गोणपाट काढलं, कोंबड्याने त्यांच्या अंगठ्याला चोच मारली, रक्त आलं. शिपायाने आपला रुमाल काढून दिला आणि भाव विचारत पुढची दहा मिनिटं घालवली. त्याच्या गावी खुराडं आहे, पक्षी बारा, सगळे गावठी. त्याला मानमोडीच्या लसीबद्दल विचारायचं होतं. भाच्याने खोक्यावर शाल ओढून धरली आणि मी जेवढं येत होतं तेवढं सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा. बहिणीने सांगितल्याप्रमाणे बल्ब चार तास आधीच लावून ठेवले होते. ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा पिल्लं येण्याआधी तापलेली पाहिजे. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरली तर झोपायला जा. खाली तूस, त्यावर पहिले दोन दिवस गोणपाट, कागद नको, कागदावर पाय घसरून फाकतात. एकेकाची चोच गुळाच्या कोमट पाण्यात बुडवली आणि सोडलं. खाणं तासाभराने, मक्याचा भरडा.

पुढचं थोडक्यात

वाटेत एकही दगावलं नाही. पहिल्या आठवड्यात सात गेली, त्यातली चार एका रात्री वीज गेली तेव्हाची. गॅसची शेगडी आता घेतली आहे, वीज जाते तिथे पिल्लं आणणाऱ्याने ती आधी घ्यावी. सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात थेंब टाकून, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. देवीची लस सहाव्या आठवड्यानंतर, आणि आठव्याला मानमोडीची टोचायची ती, आरटूबी. लसीची कुपी बर्फातच आणायची आणि फोडली की दोन तासांत संपवायची. पाण्यातून देणार असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको.

कोंबडे तीन आठवडे गोठ्यापलीकडे वेगळे ठेवले, आमच्या चपलासुद्धा तिकडच्या वेगळ्या. रेघावाल्याने पहिल्याच दिवशी आमच्या गावठी कोंबड्याला कुंपणावरून आव्हान दिलं आणि पहाटे तीनपासून आरवायला सुरुवात केली. दाजी आता रोज संध्याकाळी त्याच्यासाठी ज्वारी घेऊन येतात, अंगठ्यावरची खूण दाखवतात आणि म्हशीचं दूध काढायचं विसरून तिथेच उभे राहतात. गावातले लोक अंडी मागायला येतात. अजून पाच महिने आहेत म्हटलं की विचारतात, काळी असतील ना? भाचा त्यांना घरात बसवून मोबाइलमधला कुंड्यातल्या अंड्याचा फोटो दाखवतो. ऑक्टोबरच्या पिल्लांसाठी विसार आत्ताच पाठवलाय, या वेळी शंभराचा, दुसऱ्या कप्प्याची.